पीबीएक्सला पिंग जातंय पण ऑफिसचे सॉफ्टफोन रजिस्टर होत नाहीत, व्हीएलॅन केल्यापासून

देवगड_पॅकहाऊस
नमस्कार मंडळी, तीन दिवस झाले यात अडकलोय, आता विचारतोच.

आमचं आंब्याचं पॅकहाऊस आहे देवगड तालुक्यात, खाली पॅकिंग आणि रायपनिंग चेंबर, वर सड्यावर ऑफिस. आधी सगळं एकाच नेटवर्कवर होतं, कॉम्प्युटर कॅमेरे फोन सगळं. गेल्या सीझनला कॅमेरे वाढवले आणि फोनवर आवाज तुटायला लागला, गिऱ्हाईक पुण्याहून पत्ता सांगतंय आणि मधला फ्लॅट नंबरच गायब, दोन पेट्या चुकीच्या दारात गेल्या आणि तिथेच पिकून खराब झाल्या. म्हणून या वेळी सीझन तोंडावर यायच्या आधी व्हीएलॅन (एकाच स्विच-केबलवर वेगवेगळी नेटवर्कं) वेगळे करायला घेतले.

१० डेटा, २० फोन, ३० कॅमेरे. सबनेट पण तसेच ठेवलेत, १९२.१६८.१०, १९२.१६८.२०, १९२.१६८.३०, सगळे स्लॅश २४. राऊटर मायक्रोटिक, तिन्ही व्हीएलॅनचे गेटवे, म्हणजे बाहेर जायची दारं, त्याच्यावरच (शेवटी .१). दोन मॅनेज्ड पीओई (केबलमधूनच वीज देणारे) स्विच, एक वर एक खाली, मधे फायबर. पीबीएक्स, म्हणजे ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज, छोट्या पीसीवर फ्री पीबीएक्स १७, त्याचा नवा आयपी २०.५ (म्हणजे १९२.१६८.२०.५, पुढे सगळे असेच छोटे लिहितो).

डेस्क फोन १४ आहेत, ते सगळे २० मधे, एकमेकांना कॉल छान लागतात, बाहेरचे येतात जातात. प्रॉब्लेम फक्त ऑफिसमधल्या तीन लॅपटॉपवरच्या सॉफ्टफोनचा (फोनचं काम करणारं ॲप), ते १० मधे आहेत. सर्व्हर २०.५ टाकला की रजिस्ट्रेशन (पीबीएक्सवर नोंद) टाइमआऊट. पण त्याच लॅपटॉपवरून २०.५ ला पिंग केलं (आहेस का अशी हाक) तर एक मिलिसेकंदात उत्तर! ब्राउजरमधे २०.५ टाकलं तर गोल गोल फिरत राहतं आणि पेज येत नाही. जुना ॲड्रेस १०.५ टाकला की पेज लगेच उघडतं, म्हणजे पीबीएक्स जिवंत आहे.

राऊटरवर रूल: वरती इनव्हॅलिड (नोंदीशी न जुळणारं) ड्रॉप, मग १० कडून पीबीएक्सच्या आयपीला सगळं अलाऊ, पीबीएक्सकडून १० ला सगळं अलाऊ, बाकी व्हीएलॅन ते व्हीएलॅन ड्रॉप. एसआयपी (फोन कॉल लावायची भाषा) चा राऊटरमधला हेल्पर बंद केलाय. पासवर्ड दहा वेळा तपासला. पिंग जातंय म्हणजे रूटिंग बरोबर आहे ना? मग अडतंय कुठे?

चिपळूण_लॅन
पहिलं फायबरवाले दोन्ही पोर्ट बघा. २० टॅग्ड (पाकिटावर व्हीएलॅनचा नंबर लावलेला) आहे का दोन्ही टोकांना, आणि नेटिव्ह व्हीएलॅन (ज्याच्यावर नंबर लागत नाही तो) दोन्हीकडे एकच आहे का. एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला १० असं राहिलं की अर्धं चालतं अर्धं नाही, माणूस चार दिवस फायरवॉलमधे शोधत बसतो. आणि डेस्क फोनच्या मागून कॉम्प्युटर जोडलेत का? असतील तर त्या पोर्टला डेटा अनटॅग्ड आणि व्हॉइस टॅग्ड असं पाहिजे.

देवगड_पॅकहाऊस
दोन्ही टोकं तपासली, २० टॅग्ड आहे, नेटिव्ह एकच. खालच्या फोनना डीएचसीपीने (आयपी आपोआप वाटणारी सोय) २० चाच आयपी मिळतो आणि खालून वर बोलणं होतं, त्यामुळे फायबर बरोबर वाटतंय. फोनच्या मागे कॉम्प्युटर कुठेच नाही, पॅकिंगमधे कॉम्प्युटर फक्त वजनकाट्याजवळ एक आहे त्याला वेगळी केबल.

वेंगुर्ल्याचो_झिल
रे भावा, १०.५ वर पेज उघडता तर सॉफ्टफोनाक पण १०.५ च दी मरे. सीझन तोंडार इलोसा, आधी धंदो चालू कर, मागसून बघ काय ता. माझ्या एका गिऱ्हायकाकडे तसाच ठेवलंय, वर्षभर कायएक त्रास नाय.

देवगड_पॅकहाऊस
केलं करून लगेच. १०.५ दिल्यावर तिन्ही रजिस्टर झाले, हिरवा टिपका आला, जीव भांड्यात पडला म्हटलं. पण आता नवीनच. सॉफ्टफोनवरून खालच्या फोनला लावलं की रिंग जाते, उचलतात, "हॅलो" मधला "हॅ" ऐकू येतो आणि मग शांत. दोन्हीकडे शांत. कॉल कट होत नाही, घड्याळ पळत राहतं. बाहेरच्या मोबाईलला सॉफ्टफोनवरून लावलं तर नीट बोलणं होतं. आणि आतल्या फोनमधे फक्त ऑर्डर टेबलचा जो फोन आहे, एक्स्टेंशन २०१, त्याच्याशी सॉफ्टफोनवरून व्यवस्थित बोलता येतं. फोन सगळे एकाच मॉडेलचे, फर्मवेअर एकच, २०१ मधे काय वेगळं आहे ते कळत नाही. काल दिवसभर तो फोन आणि शेजारचा फोन अदलाबदल करून बघत होतो, एक्स्टेंशन २०१ जिकडे जाईल तिकडे चालतं.

मिऱ्याबंदर
देवगडकर, तुमच्या पहिल्या पोस्टमधेच उत्तर आहे. जुना ॲड्रेस १०.५ अजून उत्तर देतोय, म्हणजे पीबीएक्सच्या पीसीला दोन लॅन कार्ड आहेत आणि जुनं कार्ड अजून डेटा व्हीएलॅनमधे जोडलेलं आहे, बरोबर? नवं कार्ड टाकून २० मधे दिलं आणि जुनं "असू दे, ऑफिसातून पेज उघडायला बरं" म्हणून ठेवलं. हे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी केलेलं आहे.

आता बघा काय होतं. लॅपटॉप, समजा १०.४१, तो २०.५ ला पाकीट पाठवतो. २०.५ त्याच्या सबनेटमधे नाही म्हणून गेटवेला देतो, राऊटर ते २० मधे टाकतो, पीबीएक्सच्या नव्या कार्डावर पोचतं. इथपर्यंत ठीक. आता उत्तर द्यायचंय १०.४१ ला. पीबीएक्स स्वतःचं टेबल बघतो, म्हणतो १०.४१? अरे हा तर माझ्या जुन्या कार्डाच्या दारातच आहे, आणि उत्तर जुन्या कार्डातून सरळ फेकतो. राऊटरला पत्ताच नाही. होडी बाहेर गेल्याची नोंद एका बंदरात आणि माणसं उतरली दुसऱ्याच जेटीवर, पहिल्या बंदराच्या वहीत ती होडी अजून समुद्रातच.

पिंग का येतं? कारण पिंगचं उत्तर देताना ज्या ॲड्रेसला विचारलं तोच ॲड्रेस फ्रॉम म्हणून लावतात, २०.५. लॅपटॉपला फ्रॉम २०.५ दिसलं की तो खूश, ते कुठल्या वाटेने आलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे पिंग आलं याचा अर्थ जाणारी आणि येणारी वाट एकच आहे असा होत नाही, तुमचे तीन दिवस यातच गेले.

पेज का उघडत नाही? ते टीसीपी आहे, त्यात आधी तीन पाकिटांचं हस्तांदोलन होतं, सिन, सिन-ॲक आणि ॲक. लॅपटॉपचा सिन राऊटरमधून गेला, सिन-ॲक मात्र राऊटरला टाळून थेट आला, मग लॅपटॉपचा ॲक पुन्हा राऊटरमधून जायला गेला. राऊटर म्हणतो मी मधलं उत्तर पाहिलंच नाही, हा ॲक कसला, इनव्हॅलिड, ड्रॉप. तुमचा सगळ्यात वरचा रूल तोच आहे आणि तो बरोबर आहे, काढू नका.

एसआयपी यूडीपीवर (असं हस्तांदोलन नसलेली पद्धत) आहे, तिथे अजून एक गंमत. पीबीएक्स सगळ्या इंटरफेसवर ऐकतो, त्यामुळे उत्तर पाठवताना फ्रॉम ॲड्रेस बाहेर जाणाऱ्या कार्डाचा लागतो, म्हणजे १०.५. लॅपटॉपने विचारलं २०.५ ला आणि उत्तर देतोय १०.५, विंडोजचं फायरवॉल म्हणतं हा कोण, मी याच्याशी बोललोच नाही. झालं, टाइमआऊट.

खात्री करायला दोन गोष्टी करा. पीबीएक्सच्या कन्सोलवर आयपी राऊट गेट आणि पुढे लॅपटॉपचा आयपी असं टाका, कुठल्या कार्डातून जाणार ते एका ओळीत सांगेल. मग सॉफ्टफोनला परत २०.५ देऊन दोन खिडक्यांमधे टीसीपीडम्प (कार्डावरची पाकिटं दाखवणारा प्रोग्राम) लावा, एक नव्या कार्डावर एक जुन्या, पोर्ट ५०६०. एकात रजिस्टर आत येताना दिसेल आणि दुसऱ्यात ४०१ (पीबीएक्सचं पासवर्ड मागणारं उत्तर) बाहेर जाताना.

जाता जाता, हेच जुन्या सेंटओएस लिनक्सवाल्या फ्री पीबीएक्सवर असतं तर पिंगही आलं नसतं, तिथे रिव्हर्स पाथ फिल्टर कडक असतो, चुकीच्या दारातून आलेलं पाकीट तो घेतच नाही. तुमचं १७ डेबियन लिनक्सवर आहे म्हणून पिंग आलं आणि तुम्ही फसलात.

२०१ चं नंतर लिहितो. त्या एक्स्टेंशनला कॉल रेकॉर्डिंग चालू आहे का तेवढं बघून सांगा.

देवगड_पॅकहाऊस
मिऱ्याबंदर, तुम्ही इथे येऊन रॅक बघून गेलात की काय! दोन कार्डं आहेत, अगदी त्याच कारणाने ठेवलं होतं. आयपी राऊट गेट ने जुनं कार्ड दाखवलं, सोर्स १०.५. टीसीपीडम्पमधे रजिस्टर नव्या कार्डावर येतंय आणि ४०१ जुन्यातून चाललंय, फ्रॉम १०.५, डोळ्यांनी बघितलं.

आणि हो, २०१ ला रेकॉर्डिंग चालू आहे. फक्त त्याच एकाला, पेट्यांची ऑर्डर कोणी किती सांगितली यावरून वाद नको म्हणून. याचा काय संबंध?

मिऱ्याबंदर
संबंध तोच आहे. कॉल लागताना दोन्ही फोनचा आवाज आधी पीबीएक्समधून जातो. मग डायरेक्ट मीडिया चालू असेल तर पीबीएक्स दोघांना पुन्हा एक इन्व्हाइट (कॉलचा निरोप) पाठवून सांगतो की मी मधे कशाला, तुम्ही एकमेकांना थेट आवाज पाठवा. त्या क्षणी १०.४१ आणि खालचा २०.३१ एकमेकांना पाकिटं पाठवायला लागतात, आणि तुमचा रूल सांगतो की १० आणि २० मधे फक्त पीबीएक्सशी बोलायचं. दोन्हीकडची ड्रॉप. म्हणून "हॅ" ऐकू येतो आणि मग गप्प. रेकॉर्डिंग असलं की पीबीएक्सला आवाज स्वतःकडून न्यावाच लागतो, तो मधून बाजूला होत नाही, म्हणून २०१ चालतो. बाहेरच्या कॉललाही तो मधे राहतो, म्हणून मोबाईलशी बोलणं होतं.

उपाय, सगळ्या एक्स्टेंशनला डायरेक्ट मीडिया नो करा. फोन फोनमधला रूल उघडायचा मोह होईल, उघडू नका, वेगळे व्हीएलॅन केले कशाला मग. लोड येईल अशी भीती वाटत असेल तर, जी ७११ (आवाजाचा नेहमीचा फॉरमॅट) चा एक कॉल इथरनेटवर एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस, दहा कॉल एकदम चालले तरी पीबीएक्सकडे वीस पाय (कॉलमागे दोन), म्हणजे पावणेदोन एमबीपीएस. गिगाबिट पोर्टला ते जाणवतही नाही.

आता जुन्या कार्डाचं. वेंगुर्लेकरांचा उपाय चालतो हे खरं, पण मी तो ठेवणार नाही. पीबीएक्सचा एक पाय डेटामधे राहिला की ऑफिसच्या कुठल्याही लॅपटॉपमधे काही शिरलं तर ते राऊटरच्या फायरवॉलला न विचारता थेट पीबीएक्सच्या दारात. आणि पीबीएक्स फुटला की रात्रीतून परदेशात कॉल जातात आणि बिल मालकाच्या नावावर येतं. एकच पाय, २० मधे.

रात्री करा, पॅकिंग बंद झाल्यावर, आणि पीसीला मॉनिटर कीबोर्ड लावून त्याच्यासमोर बसून करा, कारण नेटवर्कवरून करायला गेलात तर मधेच स्वतःला बाहेर काढाल. आत्ता तुमचा डिफॉल्ट गेटवे जुन्या कार्डावर १०.१ असणार, तो काढून नव्या कार्डावर २०.१ द्या. मग जुनं कार्ड बंद आणि केबल काढा. २० मधून इंटरनेटला जायला राऊटरवर रूल आणि नॅट (आतल्या आयपीऐवजी बाहेरचा आयपी लावणं) दोन्ही आहेत का ते आधीच बघून ठेवा नाहीतर ट्रंक (बाहेरच्या कॉलची लाइन) खाली पडेल. फ्री पीबीएक्सच्या एसआयपी सेटिंग्जमधे लोकल नेटवर्क्समधे १० आणि २० दोन्ही सबनेट हवेत, एखादं नसेल तर त्या बाजूला तो बाहेरचा पब्लिक आयपी सांगत बसतो आणि एकतर्फी आवाज. त्याच्या फायरवॉल मॉड्यूलमधे पण दोन्ही सबनेट लोकल किंवा ट्रस्टेड.

सगळं अलाऊ आहे ते नंतर आवळा, १० कडून २०.५ ला यूडीपी ५०६० आणि १०००० ते २०००० (आवाजाची पोर्ट), वेबपेज फक्त तुमच्या एका लॅपटॉपवरून. पीबीएक्सकडून १० ला जाणारा रूल मात्र ठेवा, नाहीतर राऊटरची यूडीपी नोंद जुनी झाली की सॉफ्टफोन हिरवा दिसतो पण त्याच्यावर रिंग येत नाही.

वेंगुर्ल्याचो_झिल
ह्या बरोबर बोललात, बिलाचा माझ्या ध्यानात नाय इला. माझ्या त्या गिऱ्हायकाकडे पण उद्या जावन दुसरो पाय काढतंय.

कुडाळ_एमआयडीसी
यात एक माझ्याकडून, कारण मी याच्यात भाजलोय. २० साठी नॅट लावताना मास्करेडच्या (नॅटचाच प्रकार) रूलमधे आऊट इंटरफेस वॅनच (इंटरनेटकडचं पोर्ट) द्या, रिकामा सोडू नका. एका काजूच्या कारखान्यात मी रिकामा सोडला होता, मग १० कडून २० ला जाणारं सगळं पण मास्करेड व्हायला लागलं आणि पीबीएक्सला सगळे सॉफ्टफोन एकाच आयपीवरून, २०.१ वरून आलेत असं दिसायचं. कोणाच्या लक्षात आलं नाही, चालत होतं. महिन्याभराने एका नव्या मुलाने सॉफ्टफोनमधे जुना पासवर्ड टाकला, फेल टू बॅनने (चुकीचे पासवर्ड आले की तो आयपी अडवणारा प्रोग्राम) २०.१ बॅन केला आणि ऑफिसचे सगळे सॉफ्टफोन एकदम मेले. डेस्क फोन चालू, बाहेरचे कॉल चालू, फक्त सॉफ्टफोन बंद. मी दोन वेळा कुडाळहून गाडी मारली त्याच्यापायी. एसएनग्रेप (एसआयपीचे निरोप दाखवणारा प्रोग्राम) उघडून बघा, प्रत्येक सॉफ्टफोन आपापल्या १० च्या आयपीने दिसला पाहिजे.

आणि मधे फायबर टाकलंय ते फार बरं केलंत. वळवाच्या विजा चालू झाल्या की दोन बिल्डिंगमधली तांब्याची केबल दोन्हीकडचे पोर्ट घेऊन जाते. आणखी एक, खाली समुद्राकडच्या बाजूला असाल तर उघड्यावरच्या आरजे ४५ च्या पिना सहा महिन्यांत हिरव्या होतात, फोन मधेच रीस्टार्ट झाला की व्हीएलॅनला शिव्या घालायच्या आधी पीन बघा.

देवगड_पॅकहाऊस
काल रात्री साडेदहाला बसलो, खाली चेंबरचे पंखे सोडून सगळं बंद होतं. गेटवे बदलला, जुनं कार्ड बंद, केबल काढून रॅकमधे गुंडाळून ठेवली. लगेच बाहेरचे कॉल गेले. ट्रंक लाल. पंधरा मिनिटं घाम फुटला. मग कळलं की २० ला इंटरनेटचा रूलच नव्हता, आधी पीबीएक्स जुन्या पायाने १० मधून बाहेर जायचा म्हणून कधी लागलाच नव्हता. मिऱ्याबंदर यांनी आधीच बघून ठेवा म्हटलं होतं आणि मी तेच सोडलं. रूल टाकला, मास्करेडला आऊट इंटरफेस वॅन दिला, ट्रंक हिरवी.

तिन्ही सॉफ्टफोन २०.५ वर रजिस्टर. डायरेक्ट मीडिया सगळीकडे नो. वरून खालचे चौदा फोन एकेक करून लावले, रात्री बारा वाजता वॉचमन दादांनी एकट्याने चौदा फोन उचलले, सगळ्यांवर पूर्ण "हॅलो" आणि पूर्ण बोलणं. एसएनग्रेपमधे तिन्ही लॅपटॉप आपापल्या आयपीने दिसतात.

एक शंका राहिली. आता पीबीएक्सवरून लॅपटॉपला पिंग केलं तर उत्तर नाही, काल दुपारपर्यंत येत होतं. कॉल मात्र दोन्हीकडून लागतात. काही राहिलं का?

मिऱ्याबंदर
नाही राहिलं. काल पिंग १०.५ वरून जात होतं, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्याच सबनेटमधून. आता २०.५ वरून जातंय आणि विंडोजचं फायरवॉल दुसऱ्या सबनेटच्या पिंगला बहुतेक वेळा उत्तर देत नाही. कॉल लागतोय तर ते सोडून द्या. फार वाटलं तर लॅपटॉपऐवजी १० मधल्या प्रिंटरला पिंग करून बघा.

देवगड_पॅकहाऊस
प्रिंटरने उत्तर दिलं.

सकाळी सातपासून फोन चालू आहेत, वाशीहून गाडीचं विचारायला, पुण्याहून पाच डझनाच्या पेट्यांना. अकाउंटंट ताईंनी हेडफोनवरून खाली पॅकिंगला तीन वेळा फोन केला आणि जिना उतरावा लागला नाही, एरवी सकाळभर त्यांची ये-जा असायची. सगळ्यांचे मनापासून आभार. कुडाळकर, खालच्या गेटवरचा फोन खरंच दिवसातून एकदा रीस्टार्ट होतो, त्याचा जॅक काढून बघतो आज दुपारी, तिथून समुद्र दिसतो.